तिसरा आरसा

संयोगितानं अंबाडा घालून झाल्यावर मागून हातातला आरसा धरला आणि म्हणाली, "बघा मॅडम, मागनं कसं दिसायलंय," तेव्हा क्रांती कांबळेनं समोर पाहिलं खरं, पण अंबाडा काही तिला दिसला नाही. शिवाजी पेठेतल्या बोळातलं हे दोन खुर्च्यांचं पार्लर. रविवारची सकाळ, बाहेर तालमीपुढं फुटबॉलवाल्या पोरांचा कालवा चाललेला. समोरच्या मोठ्या आरशात मागच्या भिंतीवरचं पोस्टर दिसत होतं आणि त्यावरची अक्षरं उलटी होती. ते रोजचंच, त्यात काय नवल! पण संयोगिताच्या हातातल्या छोट्या आरशाच्या कडेला, मोठ्या आरशाच्या डोक्यावर चिकटवलेली दरांची पाटी आली होती, आणि ती मात्र सरळ वाचता येत होती. फेशियल. थ्रेडिंग. हेअर स्पा. एका आरशात उलटं, दोन आरशांत सुलटं. पहिल्या वर्षाच्या पोरांना फळ्यावर बाण काढून काढून क्रांतीनं हे इतकी वर्षं शिकवलेलं. आणि तिसरा लावला तर, तिच्या मनात आलं. पुन्हा उलटं. "आवडलं न्हाय काय?" संयोगितानं विचारलं. "आवडलं की," क्रांती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

संध्याकाळी सत्कार होता, म्हणून तर ती पार्लरात आली होती. नाहीतर केसांचं आणि तिचं एरवी फारसं बोलणं नसायचं. सत्कार तिचा नव्हे, तिच्या विद्यार्थिनीचा, वर्षाराणी पाटीलचा, राधानगरी रस्त्यालगतच्या तिच्या गावात. क्रांती प्रमुख पाहुणी. कशाबद्दल सत्कार, तर एका गोगलगायीबद्दल. लोकांना हसू येतं, यायचंच. पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. गोगलगायीच्या शंखाला वळण असतं, आणि त्या जातीत ते उजवीकडंच असतं, लाखात एखादीचं डावीकडं. वर्षाराणीनं गावातल्या बांधाच्या दगडाखालून आणलेल्या मोहरीएवढ्या अंड्यांच्या पुंजक्यातलं एकूण एक पिल्लू डावं निघालं होतं. ते ज्या यंत्रातून दिसलं ते यंत्र क्रांतीनं बांधलेलं. विकतचं नव्हे, बांधलेलं. एकेक भिंग, एकेक स्क्रू हातानं बसवलेला. नमुना आधी पाण्यासारखा आरपार करायचा, मग त्यातून प्रकाशाचा एक पापुद्रा सरकवत न्यायचा, इतका पातळ की कांद्याच्या सालीनं लाजावं, आणि प्रत्येक पापुद्र्याचा फोटो घेत शेवटी सगळे एकावर एक रचायचे. मग पडद्यावर अख्खं पिल्लू उभं राहतं, आणि तुम्ही आत शिरत जाता. शंख, शंखाखालचं काळीज, काळजातली एक पेशी, पेशीतला एक ठिपका. मध्ये कुठं थांबायचं नाही, भिंग बदलायचं नाही. अख्ख्या जिवापासून एका ठिपक्यापर्यंत एकाच वाटेनं. यासाठी तिनं उमेदीची सगळी वर्षं घातली होती. लग्न राहून गेलं, असं आई म्हणायची. क्रांतीला ते राहून गेल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

आणि त्या वाटेवर, नमुन्यापासून कॅमेऱ्यापर्यंत, जुन्या खोलीत दोन आरसे होते. पावसाळ्याआधी विभागानं खोली बदलायला लावली. नवी खोली म्हणजे जुनं कोठार, मधोमध खांब. टेबल सरळ बसेना. क्रांतीनं वाट खांबाला वळसा घालून नेली, कोपऱ्यावर आणखी एक आरसा बसवला आणि त्या चातुर्यावर स्वतःच खूश झाली. दोनाचे तीन झाले. नंतर चाचणी घेतली, ती मण्यांची. डोळ्यांना न दिसणारे चमकणारे मणी पाण्यात सोडायचे आणि ते किती टोकदार दिसतात ते बघायचं. असे टोकदार दिसले होते म्हणता! तिनं वर्षाराणीला हाक मारून दाखवले होते, दोघींनी पेढे खाल्ले होते. पण मणी म्हणजे ठिपका. ठिपक्याला डावं-उजवं असतंय होय? ठिपका आरशात धरा नाहीतर आरशाबाहेर, ठिपकाच. हे तिला तेव्हा सुचलं नाही, आणि आता भर रविवारी, पावडरीच्या वासात, गळ्याभोवती फडकं बांधलेलं असताना सुचलं. तिनं पैसे दिले, गाडीला किक मारली आणि घरी जायचं सोडून विद्यापीठाकडं वळली.

कोठाराच्या खोलीत यंत्र काळ्या पडद्याआड उभं होतं. पंखा चालू नव्हता, एसीचा थंडावा कालपासून कोंडलेला. क्रांतीनं टेबलावरचा कुठल्यातरी चर्चासत्राचा पांढरा कागद घेतला आणि त्यातलं एक अक्षर कातरीनं कापलं, क. निळ्या प्रकाशात कागद चकाकतो आणि शाई काळीच राहते, त्यामुळं एवढीशी चिंधीही पुरते. चिंधी तिनं द्रवात सोडली, झाकण लावलं आणि पडद्यापुढं बसली. खरं तर चिंधी टाकायच्या आधीच तिला उत्तर माहीत होतं. तरी माणूस बघतोच. पडद्यावर अक्षर आलं, उभ्या दांड्याच्या या बाजूचं सगळं त्या बाजूला. तिनं चिंधी, छापील बाजू भिंगाकडंच ठेवून, चिमट्यानं आडवी केली, खालचं टोक वर केलं, पुन्हा सरळ ठेवली. काही उपयोग नव्हता. डावी वस्तू कितीही फिरवा, ती डावीच राहते. तिला उजवं करायची ताकद फक्त आरशात. म्हणजे पिल्लं डावी नव्हती. चारचौघींसारखी उजवी, साधी, बांधाबांधावर सापडणारी. तिनं खुर्ची मागं सरकवली आणि काळ्या पडद्याकडं बघत बसली. मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, काय करून बसलीस हे!"

कुणाला कळलं कसं नाही, असं कुणीही विचारील. कळणार कसं? आरपार केलेलं पिल्लू साध्या भिंगाखाली दिसतच नाही. ते दिसण्यासाठीच तर यंत्र. त्या बांधावरच्या मोठ्या गोगलगायी उजव्या होत्या, वर्षाराणीनं त्याही पाहिल्या होत्या. पण गोगलगायीत एक गंमत असते. पिल्लाचा शंख कुठं वळायचा ते पिल्लाच्या स्वतःच्या अंगावरून नाही ठरत, आईच्या आत काय दडलंय त्यावरून ठरतं. आई दिसायला उजवी असेल आणि तिच्या पोटची सगळी डावी निघतील, असं होऊ शकतं. दोघींनी हे वाचलं होतं आणि तेच कारण आनंदानं लावून टाकलं. लेख लिहिला, तो परदेशात स्वीकारला गेला, पुढच्या अंकात छापून येणार. पेपरवाल्यांनी आधीच 'डावखुरी गोगलगाय' म्हणून चौकट टाकली. त्यावर लोकांचे फोन, शंख विकायचा आहे का, देवघरात ठेवायला मिळंल का. जर्मनीतल्या एका संस्थेनं वर्षाराणीला ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं होतं, येत्या मंगळवारी. आणि अंडी? अंडी सगळीच्या सगळी आरपार करून टाकली होती. एकही उबवायला ठेवलं नव्हतं. दोघींनाही घाई झाली होती, आणि हे यंत्र मेलेलंच तेवढं बघतं.

क्रांतीला भय वाटत होतं ते मात्र वेगळ्याच कारणानं. तिला लहानपणची, कबनूरची शाळा आठवत होती. चौथीत असेल. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट, तो इतका सततचा की थांबला की मुलं दचकायची. फळ्यावर भागाकार होता. आधी ज्ञानू उठला आणि चुकला. गुरुजी म्हणाले, "झोपलावतास काय रे ज्ञानू?" वर्ग हसला, ज्ञानूही हसला. मग क्रांती उठली, तिचाही चुकला. गुरुजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खडू खाली ठेवत म्हणाले, "असू दे, बस. तुमच्यात कोण बघणार घरी अभ्यासाचं." किती प्रेमळ आवाजात म्हणाले! तेव्हा तिला कळलं नव्हतं नेमकं काय झालं ते. एवढंच कळलं की ज्ञानूची चूक ज्ञानूची होती, आणि तिची मात्र तिची नव्हती. तिची चूक हातातून निघून कुठंतरी मोठ्या ढिगाऱ्यात जाऊन पडली, तिच्या आईवर, मागासाठी सुताच्या कांड्या भरून वाकलेल्या मीनाबाईवर, वडिलांवर, जयसिंग कांबळेंवर, अख्ख्या वस्तीवर. घरी सांगितलं तर आई स्टो पेटवता पेटवता म्हणाली, "त्यांनी चुकलं तर चालतंय बाई. आपण चुकायचं न्हाय." बस, एवढंच. आणि क्रांती चुकली नाही. त्यानंतर कुठंच नाही, म्हणजे लोकांपुढं नाही. प्रत्येक आकडा तीनदा तपासायचा, प्रत्येक वाक्य चारदा. लोक म्हणायचे, कांबळे मॅडम म्हणजे चोख काम. तिला त्या कौतुकाची चीड यायची. चोख राहायची हौस नव्हती, चुकायची मुभा नव्हती. दोन वर्षांमागं विभागाच्या जिन्यात तिनं ऐकलं होतं, कोण म्हणालं ते दिसलं नाही, "कोट्यातल्यांनी बांधलेलं मशीन, चालतंय तोवर चालतंय." त्या रात्री ती जेवली नव्हती. आणि आता? आता त्या जिन्यातल्या माणसाला सोन्यासारखं वाक्य मिळणार होतं, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या स्क्रूड्रायव्हरनं त्याला बसवून दिलं होतं.

न सांगितलं तर? हा विचार चोरपावलांनी वगैरे आला नाही, सरळ दार उघडून आत आला आणि समोर बसला. कॉम्प्युटरमध्ये एक खूण करायची, चित्र आपोआप सुलटं होईल. यापुढची सगळी पिल्लं उजवी निघतील, आणि ते तर अपेक्षितच आहे, डावी दुर्मिळच असतात. तो एक पुंजका तेवढा डावा होता असं जग समजेल. तो पुंजका आता जगात नाही. त्याची आई कुठल्या दगडाखाली आहे कुणाला ठाऊक! वर्षाराणी जर्मनीला जाईल, तिचे वडील जोतीराम, दूध संस्थेत कॅन लावणारे, गावाला जेवण घालतील. कुणाचं काय वाईट होईल? एका गोगलगायीबद्दल जगात एक खोटी गोष्ट राहील, एवढंच. जगात काय कमी खोट्या गोष्टी आहेत? क्रांतीनं माऊस हातात घेतला. ती खूण तिनं केली. अक्षर गर्रकन सुलटं झालं, क. मग तिनं ती काढली. पुन्हा केली, पुन्हा काढली. किती वेळ ती हेच करत बसली होती कोण जाणे. आणि तिला स्वतःची इतकी शिसारी आली की ती उठून बाहेर व्हरांड्यात गेली. फोन वाजला, मीनाबाईचा. "सत्काराला जायलीस न्हवं? पांढरी साडी नेस, निळ्या काठाची. फोटो काढतील." "आई," क्रांती म्हणाली, आणि थांबली. "काय गं?" "काय नाही. नेसते."

चारच्या सुमाराला वर्षाराणी चुलतभावाची गाडी घेऊन क्रांतीच्या घराच्या दारात आली. धिप्पाड अंगाची, मोठ्या आवाजाची, कोल्हापुरी पोरींसारखं 'मी येतो, मी जातो' म्हणणारी. "मॅडम, काय दिसताय! मी आलो तेव्हा ओळखलंच न्हाय तुम्हाला," तिनं गाडीत बसल्या बसल्या म्हटलं. फुलेवाडीचा नाका मागं पडला, मग उसाचे ट्रॅक्टर, मग नदीचा पूल. वर्षाराणी बोलतच होती. घरात सकाळपासून माणसं आहेत. आक्का, म्हणजे तिची आत्या, जिनं तिला आई गेल्यावर वाढवलं, ती कालपासून रडत्या, कशाला रडत्या विचारलं तर सांगत न्हाय. दोन स्थळं परत पाठवली तेव्हा हीच आक्का बोलली होती, पोरगी गोगलगायीसंगं लग्न करणार. "आणि आता सगळ्यांस्नी सांगत्या, आमच्या वर्षाचं वेगळंच हाय म्हणून." क्रांती काचेतून बाहेर बघत होती. सांगायचं तर आत्ता, तिनं ठरवलं. मग ठरवलं, पूल ओलांडल्यावर. मग ठरवलं, पुढचा चढ झाल्यावर. गाडीत डिझेलचा आणि अबोलीच्या गजऱ्याचा वास होता. तिला वाटलं, आपण जे पाहतो ते नेहमी असंच, कुठल्यातरी वळणावर बसवलेल्या आरशातून येतं, आणि आपण ते मोजतच नाही. लगेच तिला स्वतःचा राग आला. उगीच मोठ्या गोष्टी नकोत. आरसा तिनं बसवला होता, मोजायचा तिनं होता.

गावाच्या तोंडाशी फ्लेक्स होता. काय तो फ्लेक्स! वर डाव्या कोपऱ्यात गॉगल लावलेली पोरं ओळीनं, खाली वर्षाराणी जोतीराम पाटील हिचं हार्दिक अभिनंदन, शेजारी पदवीच्या झग्यातली वर्षाराणी, आणि तिच्याहून मोठं, बैलाएवढं, ते पिल्लू. यंत्रातून आलेलं, हिरव्या-जांभळ्या रंगांत उजळलेलं, आतल्या पेशी मोजता याव्यात इतकं स्पष्ट. वर्षाराणीनं कचकन ब्रेक मारला. "ह्या बोर्ड करणाऱ्या आदर्शाला मी काय करू सांगा! मॅडम, माफ करा हं. बघा ना, उलटा छापलाय! मी म्हटलं काय केलंस हे, तर म्हणतोय, शंखाचं तोंड बोर्डाच्या भाईर जात होतं, म्हणून फिरवून घेतलं, आता छान बसलंय. छान बसलंय म्हणे! डावं हाय म्हणून सत्कार आणि बोर्डावर उजवं. पेपरवाले आले तर लाज जायची." ती खरंच रडकुंडीला आली होती. क्रांतीनं वर पाहिलं. उन्हात फ्लेक्स फडफडत होता, पिल्लाचं पोट आत-बाहेर होत होतं. यंत्रानं उलटं केलेलं चित्र फ्लेक्सवाल्यानं पुन्हा उलटं केलं होतं. जगात त्या पिल्लाचं एकच खरं चित्र होतं, आणि ते इथं गॉगलवाल्या पोरांच्या खाली लटकत होतं. क्रांतीला हसू फुटलं. ते थांबेना. मग ते हसू नव्हतं हे वर्षाराणीच्या लक्षात आलं. "मॅडम? काय झालं?" "तेच बरोबर आहे," क्रांती म्हणाली. "आदर्शनं छापलंय तेच बरोबर आहे, वर्षा. आपलं चुकलं. नवीन खोलीत मी आरसा वाढवला."

वर्षाराणी हुशार होती, दुसरं वाक्य सांगावं लागलं नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती समोर बघत राहिली. तिच्या ओठांवरून दिसत होतं, ती मोजत होती. नमुन्यापासून पहिला, भिंगापुढचा दुसरा, खांबाजवळचा तिसरा. बाजूनं दोन म्हशी गेल्या. "मणी बघितलेते की आपण," ती म्हणाली. "मण्यांना डावं-उजवं नसतं," क्रांती म्हणाली. "व्हय," वर्षाराणी म्हणाली, "नसतंय." मग ती एकदम ओरडली, "आज कशाला सांगितलंसा? उद्या सांगायचं! आक्काचं तोंड बघितलंय का तुम्ही? मंगळवारी मुलाखत हाय माझी, मॅडम!" क्रांती म्हणाली, "हो. माहीत आहे." दुसरं काय म्हणणार होती? माफ कर हे तिच्या तोंडून निघत नव्हतं. इतकी वर्षं तिनं ते कधी म्हटलंच नव्हतं, वेळच येऊ दिली नव्हती. "लेख मागं घ्यायचं पत्र मी आजच पाठवते," ती म्हणाली. "आत काय बोलायचं ते तू ठरव. सत्कार तुझा आहे." वर्षाराणीनं पदरानं तोंड पुसलं, गाडी सुरू केली.

दूध संस्थेच्या आवारात मांडव होता. हलगी कडाडत होती. आत शिरताच चार बायांनी क्रांतीला पुढच्या सोफ्यावर नेऊन बसवलं. आक्का आली, हातात ओटीचं ताट. बुटकी, कानानं जराशी जड, म्हणून मोठ्यानं बोलणारी. "कुंकू चालतंय न्हवं तुमच्यात?" तिनं विचारलं. विचारण्यात काही वाकडं नव्हतं, पावणीला विचारून करायचं एवढीच तिची रीत. तरी 'तुमच्यात' या शब्दापाशी क्रांतीला गुरुजी आठवलेच. "नारळ द्या," ती म्हणाली, "तो चालतो." आक्का हसली आणि नारळ तिच्या ओंजळीत घालून तिच्या गालावरून हात फिरवला. "पोरीला वाट दावलीसा तुम्ही," ती म्हणाली. क्रांतीला वाटलं, आत्ता इथून उठावं आणि उसातून पळत सुटावं. समोर वर्षाराणीला फेटा बांधत होते. भगवा, तुर्‍याचा. फेट्याखाली तिचा चेहरा दगडासारखा होता. लोकांना वाटलं, पोरगी लाजली.

भाषणं झाली. सूत्रसंचालन आदर्शकडंच होतं. त्यानं गोगलगायीला 'आपल्या तालुक्याची शान' केलं. मग माईक वर्षाराणीकडं आला. ती उभी राहिली, माईक दोन्ही हातांनी धरला, आणि सगळा मांडव ऐकतोय हे बघून म्हणाली, "ती गोगलगाय डावी न्हाय. साधीच हाय. आपल्या बांधावर असत्यात तसलीच." कुजबुज उठली. कुणीतरी हसलं. जोतीराम खुर्चीवरून अर्धे उठले. क्रांतीकडं वर्षाराणीनं पाहिलं नाही. "मशीन बिघडलंतं," ती म्हणाली. "मशिनीत फॉल्ट हुता. आम्हास्नी आज कळलं." आणि मांडवानं मान डोलावली. खरंच डोलावली, क्रांतीनं पाहिलं. मशीन म्हटल्यावर व्हायचंच. मोटार जळते, ट्रॅक्टर बंद पडतो, डेअरीचा काटा चुकतो. मशीन बिघडलं यात कुणाचं काय चुकत नाही. "मग सत्कार कशाचा रं?" मागून कुणीतरी विचारलं, तर दुसऱ्यानं त्याला गप केलं. आदर्श माईक परत घ्यायला पुढं सरकलाच होता. एवढंच होतं. क्रांतीला फक्त बसून राहायचं होतं, मांडीवरचा नारळ धरून. मंगळवारी जर्मनीवाल्यांनाही हेच सांगता येईल, यंत्रात बिघाड होता. विभागातही हेच. जिन्यातला माणूसही काय बोलणार, यंत्रं बिघडतातच. ती पोरगी, स्वतःचं सगळं मोडत असताना, तिला वाचवून गेली होती. क्रांतीचा ऊर भरून आला. आणि त्याच वेळी तिच्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. यंत्र बिघडलं नव्हतं. तीन आरशांतून जसं दिसायला हवं तसंच त्यानं दाखवलं होतं, तिनं बांधलं होतं तसंच, चोख. आणि ही चूक, ती तिची होती. पहिल्यांदा, चौथीपासून आजवर पहिल्यांदा, एक मोठी, धडधडीत, स्वतःच्या हातानं केलेली चूक तिच्याकडं होती, आणि ती आता यंत्राच्या नावावर जमा होत होती. तिला ते सहन होईना. तिनं नारळ सोफ्यावर ठेवला आणि उठली.

"मशीन बिघडलं नव्हतं," माईकवर तिचा आवाज चिरका आला, मग नीट झाला. "वर्षाराणीनं जे पाहिलं ते तिनं अगदी बरोबर पाहिलं. तिच्या कामात काही खोट नाही, हे मी सगळीकडं लिहून देणार आहे. मशीन मी बांधलंय. खोली बदलली तेव्हा त्यात मी एक आरसा जास्तीचा लावला. आरशात डाव्याचं उजवं होतं हे लहान पोराला कळतं. मी मोजायला विसरले. चूक माझी आहे." एवढं बोलून ती थांबली. पुढं काहीतरी म्हणायला हवं होतं, विज्ञानात असं होतं, वगैरे. पण ते तिनं म्हटलं नाही. माईकनं एक शिट्टी दिली. वर्षाराणीनं फेटा डोक्यावरून काढून मांडीवर घेतला होता आणि त्याचा तुरा ती बोटांनी चुरगाळत होती. तिनं मान वर केली नाही. तिनं माफ केलं का, कधी करील का, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं, आणि ते विचारायचा आपल्याला हक्क आहे असंही क्रांतीला वाटत नव्हतं.

त्या शांततेत आक्का मोठ्यानं म्हणाली, "काय म्हनत्यात त्या?" ऐकू न येणारी माणसं जशी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात तशी. जोतीराम तिच्या कानाशी वाकले. "चूक झाली म्हनत्यात." "कुनाची?"

क्रांती माईकजवळ उभी होती. तिला पुढचा शब्द माहीत होता, म्हणजे तो काय असू शकतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. जोतीरामांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं, रागानं पाहिलं, पोरीचं नुकसान करणाऱ्या माणसाकडं बाप जसा बघेल तसं, सरळ तिच्या डोळ्यांत.

"ह्या बाईंची," ते म्हणाले. "क्रांती मॅडमची."

आणखी कुणाची म्हणतात का, हे ऐकायला क्रांती थोडा वेळ तशीच उभी राहिली. पण त्यापुढं कुणी काही बोललं नाही.